पांढऱ्या ठिपक्यांचा दाखला

केळव्यातील एखाद्या सत्तरी ओलांडलेल्या बागायतदाराच्या एमआरआयचा लिफाफा घरी येतो, पडवीत कोणी जाणता मुलगा त्यातील इंग्रजी मजकूर मोठ्याने वाचतो, आणि ‘सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील जुने बदल’ एवढ्या एका ओळीवरून ‘आजोबांचा मेंदू सुकला’ हा निकाल संध्याकाळपर्यंत साऱ्या आळीत पोहोचतो. त्या कागदाने असा निकाल दिलेलाच नसतो.

मेंदूच्या गाभ्यात शिरणाऱ्या, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक धमन्यांच्या भिंती वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने, मधुमेहाने व तंबाखूने जाड आणि ताठर होतात, त्यांवर पोसल्या जाणाऱ्या श्वेतद्रव्याला झीज लागते, आणि ती जागा ‘फ्लेअर’ प्रकारच्या चित्रात पांढरी उजळते. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या पाहणीत ६० ते ९० वयाच्या सुमारे ९५ टक्के लोकांत असे ठिपके आढळले; तेव्हा ठिपका म्हणजे स्मृतिभ्रंश, हे समीकरण चुकीचे आहे.

परंतु ‘वयच झालं, चालायचंच’ म्हणून तो कागद फडताळात टाकणेही तितकेच चूक. ठिपके विरळ आहेत की एकमेकांत मिसळून चट्टे झाले आहेत, हे ठरवणारी फाझेकास यांची १९८७ सालची शून्य ते तीन ही श्रेणी आजही प्रचारात आहे, आणि तिसऱ्या श्रेणीत पक्षाघाताचा, चाल अडखळण्याचा व विचार मंदावण्याचा धोका निश्चितपणे वाढलेला असतो. लॅक्यून, म्हणजे तीन ते पंधरा मिलिमीटरची द्रवाने भरलेली पोकळी, ही बहुधा जुन्या लहानशा आघाताची निशाणी असते, जरी तो आघात त्या माणसास कधी जाणवलाही नसला. सूक्ष्म रक्तस्राव तर साध्या सीटी स्कॅनमध्ये दिसतच नाहीत.

मला सर्वांत घातक वाटतो तो रक्त पातळ करणारी गोळी आपल्याच मनाने सुरू करण्याचा प्रघात. पूर्वी पक्षाघात वा हृदयविकार झालेल्यास ती आवश्यक असते व परस्पर बंदही करू नये. पण केवळ चित्रातील मूक खुणांसाठी ती देऊ नये, असे युरोपीय तज्ज्ञांच्या २०२१ सालच्या मार्गदर्शनात म्हटले आहे, कारण तिने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

खरी तजवीज रक्तदाबाची. अमेरिकेतील ‘स्प्रिंट’ चाचणीच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणण्याचे लक्ष्य ठेवलेल्या गटात हे चट्टे कमी वाढले, थांबले मात्र नाहीत. वृद्धास उभे राहताना भोवळ येत असल्यास हे लक्ष्य डॉक्टरांनीच ठरवावे. मिसरी सोडणे आणि खारवलेली मासळी, पापड व लोणचे धरून दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवणे, हे घरच्यांच्या हाती आहे.