पार्टी, लेक्चर आणि पौलाचं पत्र : विश्वास न ठेवणाऱ्यांशी आपण कसं वागायचं?

नागपूरहून मी बोलतोय. आजचा विषय थोडा माझ्या चुकीचा आहे, म्हणून आधी चूकच सांगतो.

पहिल्या नोकरीतली गोष्ट. शुक्रवारी टीमची पार्टी होती आणि माझ्या शेजारी बसणारा मित्र पीत होता. मी सगळ्यांसमोर त्याला दारूवर लेक्चर दिलं, वचनांसकट. तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या आठवड्यापासून त्याने डबा खायला मला हाक मारणं बंद केलं. महिन्याभराने त्याच्या बाबांना ॲडमिट केलं, तेव्हा पूर्ण टीमला माहीत होतं. फक्त मला नव्हतं. ज्या दिवशी मी त्याच्यासाठी प्रार्थना करायला हवी होती, त्या दिवशी त्याला माझी आठवणसुद्धा आली नाही.

तेव्हा मी करिंथकरांस पहिलं पत्र पुन्हा उघडलं. पाचव्या अध्यायात पौल एक गैरसमज दूर करतो. त्याने आधी लिहिलं होतं की अनैतिक माणसांची संगत नको. लोकांना वाटलं, म्हणजे जगातली सगळीच. पौल म्हणतो, तसं असतं तर तुम्हाला जगच सोडावं लागेल! तो बोलत होता स्वतःला बंधू म्हणवून तसं वागणाऱ्यांबद्दल. मंडळीबाहेरच्यांचा न्याय देवाकडे.

माझ्या भाषेत सांगू? ज्याने ॲप इन्स्टॉलच केलं नाही, त्याच्याकडून आपण टर्म्स अँड कंडिशन्स पाळायची अपेक्षा करतो. आणि आपण, ज्यांनी ॲक्सेप्टवर क्लिक केलंय, ते मात्र वाचतही नाही. दहाव्या अध्यायात तर पौल सांगतो की अविश्वासी माणसाने जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं, तर जा. म्हणजे पार्टीला जाणं ही माझी चूक नव्हती. लेक्चर ही चूक होती.

आता आपल्या मातीतलं उदाहरण. रेव्हरंड नारायण वामन टिळक, आपले ख्रिस्ती कवी. ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक गोरा साहेब बसलेला. त्या काळात साहेब हाकलून देईल असंच वाटायचं. पण याने आदराने वागवलं, संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या आणि शेवटी नवा करार हातात दिला. आधी माणुसकी, मग पुस्तक. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

पण त्यांची बायको लक्ष्मीबाई ख्रिस्ती नव्हत्या. त्यांच्यावर तर आभाळच कोसळलं. काही वर्षं ताटातूट झाली. पुढे नवऱ्याकडे राहायला आल्या, तरी त्या काही काळ सोवळं पाळत, वेगळा स्वयंपाक करत. विचार करा, घरातला एक जण ख्रिस्ती आणि दुसऱ्याला त्याच्या हातचं पाणी चालत नाही! ‘माझ्या घरात माझा नियम’ असं म्हणणं टिळकांना सोपं होतं. पण लक्ष्मीबाईंचं सोवळं सुटलं ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक काही शांत स्वभावाचे नव्हते. ‘स्मृतिचित्रे’ वाचलं तर कळेल, संतापी होते, चुकायचेही. तरी आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

आता तुम्ही म्हणाल, ‘भाऊ, ते ठीक आहे, पण कोणी आपल्यालाच बोलला तर?’ खरंय. ‘तांदळाच्या पोत्यासाठी बाटले’ हा टोमणा मीही ऐकलाय. शोमरोनी गावाने येशूला उतरू दिलं नाही, तेव्हा शिष्य वरून आग मागवायला निघाले होते. येशूने गावाला नाही, शिष्यांना धमकावलं. आणि मग सगळे दुसऱ्या गावी गेले. तेवढंच.

पण याचा अर्थ गप्प बसून मार खा, असा नाही. पौलाला फटके मारायला बांधलं, तेव्हा त्याने आपलं रोमी नागरिकत्व सांगितलं. ऑफिसात कोणी धर्मावरून त्रास देत असेल तर एचआरकडे लेखी तक्रार करा, गरज पडली तर कायद्याची मदत घ्या. हक्क मागणं वेगळं, सूड उगवणं वेगळं. आणि कोणी दुबळ्याला छळत असेल तर मध्ये पडा, मग छळणारा चर्चचा असो की बाहेरचा.

बाकी माझं काय झालं? मी त्या मित्राला सॉरी म्हटलं. हॉस्पिटलात डबा घेऊन गेलो, वचन एकही बोललो नाही. निघताना त्यानेच विचारलं, ‘बाबांसाठी प्रार्थना करशील का बे?’

या आठवड्यात एक करून बघा. ज्याचं वागणं तुम्हाला खटकतं, त्याला सुधारायच्या आधी त्याच्यासोबत एकदा चहा प्या. आणि तो बोलत असताना फोन खिशात ठेवा. भेटू पुढच्या भागात.