दोष कोणाचा?

फुटबॉलचा संघ हरूं लागला म्हणजे प्रेक्षकांत न्यायाधीशांची उणीव पडत नाहीं. इंग्लंडांतील लीड्स युनायटेड हा संघ २००१ सालीं युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्यें उपांत्य सामन्यापर्यंत पोहोंचला. २००४ सालीं तोच प्रीमियर लीगमधून खालच्या वर्गांत घसरला. कोणी व्यवस्थापक डेव्हिड ओलिअरी यांस बोल लाविला, कोणी अध्यक्ष पीटर रिड्सडेल यांस, कोणी खुद्द खेळाडूंस. परंतु जमाखर्चाची वही उघडल्यावांचून हा वाद सुटण्यासारखा नव्हता. पुढील अनेक वर्षांच्या तिकिटविक्रीवर कर्ज काढून महागडे खेळाडू घेतले होते. (न पेरलेलें पीक गहाण टाकण्याचाच हा प्रकार!) चॅम्पियन्स लीगचें उत्पन्न दरसाल येईल, हें गृहीत धरलें होतें. पण त्या साली संघ चौथा आला, पुढील सालीं पांचवा. प्रवेश दोन्ही वेळां हुकला. मग देणें फेडण्यासाठीं रिओ फर्डिनंडसारखे मोहरे विकावे लागले. त्यामुळें खेळ खालावला आणि खेळाबरोबर उत्पन्नही. शेवटच्या हंगामांत शिव्या खाणाऱ्या कित्येक खेळाडूंचा त्या कर्जाशीं कांहींच संबंध नव्हता. खरेदीच्या दिवसांत टाळ्या वाजविणारे मात्र हेच प्रेक्षक होते. २००७ सालीं संघ तिसऱ्या वर्गांत गेला. प्रीमियर लीगमध्यें परतण्यास २०२० साल उजाडलें.