अंगणातला धबधबा

श्रावणात चिखलदऱ्याला जाऊन आलेला माणूस एक इच्छा बरोबर घेऊनच घरी परततो. परतवाड्याहून घाट चढू लागले की रस्त्याच्या कडेला पाण्याच्या धारा लागतात. वर भीमकुंडापाशी दरीत कोसळणारे पाणी दिसते, आणि मनात येते, यातले ओंजळभर आपल्या अंगणात असते तर! घरामागे थोडी जागा आहे, एखादे लहानसे तळे खणता येईल. त्याच्या काठावरून दोन फुटांची का होईना, धार पडू लागली तर संध्याकाळी तिच्या आवाजात चार घटका बसता येईल. मंडळी, ही इच्छा मलाही झाली होती. ती कशी फसली आणि फसल्यावर काय उमगले, ते सांगतो.

मी भूगोल शिकवतो. दगड कसे तयार झाले हे मुलांना वर्गात सांगणे वेगळे आणि अंगणात दगडावर दगड ठेवणे वेगळे, हे मला अमरावतीच्या माझ्या घरामागे कळले. दहा फूट लांब, साडेसहा फूट रुंद असे तळे खणले. एका टोकाला गवंड्याने विटांचा उंचवटा रचला, त्यावर सिमेंट थापले आणि सिमेंटात नदीतले गुळगुळीत पांढरे गोटे बसवले. टोकावरून नळी काढली, खाली पंप ठेवला. बटण दाबले की शेंड्यातून पाणी निघून चारी अंगांनी ओघळे. घरातल्या मुलांनी पहिल्याच दिवशी त्याचे नाव 'वारूळ' ठेवले. नाव अगदी योग्य होते!

पुढच्या उन्हाळ्यात काळ्या मातीने आपला हिसका दाखवला. आपली ही माती पाऊस पडला की फुगते, उन्हाने आकसते आणि हात घालावा एवढ्या भेगा देते. तिच्यावर ठेवलेले सिमेंट तिच्याबरोबर हलू शकत नाही, मग ते तडकते. रोज सकाळी तळे तीन बोटे खाली गेलेले दिसे, आणि मी रोज नळाचे पाणी त्यात सोडी. मे महिना होता. नळ तीन दिवसांआड येत होता. कुंपणापलीकडच्या एक वयस्क बाई रिकामी घागर घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, तुमच्या आंगनात पानी खेयते, अन् आमच्या नयाले धार नाई." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मी काही उत्तर तरी दिले असते. त्या दिवशी बटण बंद केले ते वर्षभर उघडले नाही.

मग कागद घेऊन हिशेब केला. तळ्याचे पृष्ठ सहा चौरस मीटर. अकोला-अमरावतीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, वारा कोरडा असतो. अशा वेळी उघड्या पाण्याची दिवसाला एक सेंटिमीटर वाफ होणे काही विशेष नाही, जास्तच होते. सहा चौरस मीटरवर एक सेंटिमीटर म्हणजे साठ लिटर, चार बादल्या. ही झाली न गळणाऱ्या, शांत तळ्याची गोष्ट. धबधबा चालू ठेवला की ओले दगड, उडणारे तुषार यांतून आणखी जाते, आणि तडा असेल तर विचारूच नका. माझ्या हौसेसाठी रोज एका घराचे पाणी आकाशात जात होते.

त्यानंतरच्या एप्रिलात मी पुन्हा चिखलदऱ्याला गेलो, मुद्दाम अवेळी. भीमकुंडाचा कडा कोरडा ठणठणीत होता. एक थेंब नाही. तरी पाहणाऱ्याला सांगावे लागत नव्हते, की इथे धबधबा आहे. वरचा कठीण खडक पुढे आलेला, खालचा मागे पोखरलेला, पायथ्याशी दगडांचा खच, मध्ये पाण्याने घासून काळी-तुळतुळीत झालेली वाट. पाणी नसले तरी पाण्याचे चालणे दगडात उमटलेले होते. तिथे उभा असताना माझे कोडे सुटले. मी धबधबा पाण्याचा बांधायला निघालो होतो, बांधायचा होता दगडाचा. आणि वऱ्हाडातला खरा धबधबा वर्षातले सात-आठ महिने कोरडाच असतो. मग माझ्या अंगणातल्याने तरी बारा महिने का वाहावे?

जपानी लोकांना हे फार पूर्वी समजले होते. अकराव्या शतकातल्या 'साकुतेइकी' या त्यांच्या बागरचनेच्या ग्रंथात धबधब्यांचे प्रकार सांगितले आहेत. क्योतो शहरातल्या दाइसेन-इन या मठाच्या सोळाव्या शतकातल्या बागेत तर पाण्याचा थेंब नसलेला धबधबा आहे. उभे दगड आणि त्यांच्या पायाशी पांढऱ्या वाळूचा प्रवाह, एवढेच. आपल्याकडेही जुन्या काळी माणसाने केलेला धबधबा आहे, छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) पाणचक्कीचा. काही किलोमीटरवरून मातीच्या नळांतून पाणी आणून, ते भिंतीवर चढवून खाली हौदात सोडले. पंप नाही, वीज नाही, केवळ पातळीतल्या फरकाचे काम. पण तो भिंतीवरून पडतो आणि भिंतच दिसतो. तिथे ते शोभते. आपल्याला हवी आहे नाल्याची नक्कल.

तेव्हा आधी आपला खडक ओळखा. गाविलगडच्या डोंगरापासून सह्याद्रीपर्यंतचा काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर आलेला आणि थरावर थर साचलेला लाव्हा. एक थर कठीण, त्याखालचा भुसभुशीत, कुठे मध्ये तांबड्या मातीचा पट्टा. पाणी भुसभुशीत थर लवकर खाते, कठीण थर छज्जासारखा पुढे राहतो आणि पाणी त्यावरून सुटते. म्हणून आपल्याकडची नदी पायऱ्यांनी उतरते. अजिंठ्याच्या लेण्यांच्या टोकाला वाघूर अशीच सात टप्प्यांनी खाली येते. गावाजवळच्या नाल्यातही हे दिसेल. पहिल्या पावसानंतर अर्धा तास तिथे उभे राहा. कुठले पुस्तक तेवढे शिकवणार नाही.

यावरून रचनेचे नियम आपोआप निघतात. दगड एकाच जातीचे घ्या. डोंगरातला खरबरीत दगड आणि नदीतला गोल गोटा शेजारी-शेजारी ठेवला की डोळा लगेच फसवणूक ओळखतो. दगडांतल्या आडव्या रेघा सगळ्यांच्या एकाच दिशेने असू द्या, कारण खाणीत त्या तशाच होत्या. लहान पन्नास दगडांपेक्षा मोठे सात बरे. त्यांचा तिसरा हिस्सा जमिनीत गाडा, म्हणजे ते ठेवलेले न वाटता उगवलेले वाटतील. उन्हापावसाने काळवंडलेली बाजू बाहेर, फोडलेली बाजू आत. दगड मेळघाटातून मात्र आणू नका, ते राखीव जंगल आहे. जुनी विहीर खचली असेल, शेताच्या बांधावर धोंडे पडले असतील, तिथले मालकाला विचारून घ्या.

सर्वांत महत्त्वाचा दगड म्हणजे ज्यावरून पाणी सुटते तो, त्याला मी ओठ म्हणतो. तो चपटा हवा, पुढे तीन-चार बोटे आलेला, पुढच्या अंगाला किंचित उतार दिलेला. चहाची किटली हळू ओतली की चहा तोटीखालून ओघळतो, तसे पाणी ओठाच्या खालून मागे वळते आणि दगडांच्या फटींत गडप होते. त्यासाठी ओठाची खालची कड धारदार ठेवा. गोल असेल तर छिन्नीने खालच्या बाजूस बारीक खाच मारून घ्या, छज्जाखाली गवंडी मारतो तशी. ओठाखाली पोकळी ठेवली तर आवाज घुमतो. खाली पाणी खोल असेल तर आवाज भारदस्त येतो, दगडावर पडले तर चुरचुरीत. ज्याची त्याची आवड.

उंचीचा मोह नको. दीड-दोन फूट पुष्कळ झाले. धबधब्याच्या मागे मात्र त्याहून उंच, लांब उतरता उंचवटा हवा, कारण पाणी कुठून तरी आले पाहिजे. माझ्या वारुळाचा खरा दोष हाच होता, त्याच्या मागे आकाशाखेरीज काही नव्हते! उंचवटा खणलेल्या काळ्या मातीचा करू नका, ती हलेल. मुरूम आणून थराथराने ठोका. तळ्याखालचीही फूट-दीड फूट काळी माती काढून मुरूम भरा.

गळतीला उपाय आपल्या शेतकऱ्यांनीच दाखवला आहे. शेततळ्यात अंथरतात ती पाचशे मायक्रॉनची पन्नी घ्या. शेततळ्याचे काम उरकले की तुकडे उरतात. ती मातीबरोबर हलते, तडकत नाही. खाली खडे टोचू नयेत म्हणून जुन्या नायलॉनच्या साड्यांची घडी घाला. पन्नी तळ्यातून तशीच धबधब्याच्या मागे वरपर्यंत चढवा. जोड द्यावाच लागला तर वरची पन्नी खालच्यावर, कौलांसारखी. दगड पन्नीवर ठेवून आतल्या फटी सिमेंटने बुजवा, पण सिमेंट बाहेरून दिसता कामा नये. त्यात थोडा काळा रंग मिसळला तर दिसणारही नाही.

आता पाणी. फूटभर रुंद ओठावरून पातळशी चादर पडायला ताशी अडीच हजार लिटर तरी लागतात. म्हणून ओठ अरुंद ठेवा. सहा इंचांना ताशी अकरा-बाराशे लिटर पुरतात. हे पाणी छपरावरून घ्या. पन्नास चौरस मीटर छपरावर दोन सेंटिमीटर पाऊस पडला की हजार लिटर होतात, थोडे वाया गेले तरी आठशे. एक तासाच्या चांगल्या सरीत तुमचा धबधबा पंपाशिवाय वाहील. जोत्याएवढ्या उंचीवर हजार लिटरची टाकी ठेवून पन्हळीचे पाणी तीत घेतले, तर पाऊस थांबल्यावरही तोटी उघडून तासभर पाहता येईल. माझ्याकडे आता असेच आहे.

आणि खाली तळेच हवे असे नाही. शाळांना तर मी सांगेन, की उघडे तळे करू नका. पन्नी अंथरलेला दोन फुटी खड्डा गोट्यांनी भरून टाका. पाणी गोट्यांत शिरून दिसेनासे होते. मूल बुडण्याची भीती नाही, डासांना अंडी घालायला जागा नाही, वाफही फार कमी. घरी तळे ठेवलेच तर त्यात गप्पी मासे सोडा, आणि ते मासे पुढे नदी-नाल्यांत टाकू नका. खड्डा भरून वाहू लागला की जादा पाणी शोषखड्ड्यात न्या. मात्र शोषखड्डा काळ्या मातीतून खाली मुरमापर्यंत गेला पाहिजे, नाही तर तो नुसता हौद होतो. दर्यापूर, अकोटकडे पूर्णेच्या गाळात मुरूम सहजी लागत नाही. तिथे जादा पाणी टाकीतच साठवावे. त्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी धबधब्याला वापरू नका, महिन्याभरात दगडांवर पांढरी पुटे चढतात. तिथे मूळचा दगडही नसतो, म्हणून कडा न करता गोट्यांमधून जाणारा उथळ ओहळ केलेला बरा दिसतो.

दिवाळीच्या सुमारास पाहुणे आले, दोन संध्याकाळी पंप लावावासा वाटला, तर कूलरचा लहान पंपही सहा इंचांच्या ओठाला बारीक धार देतो. डब्यावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो, दोन फूट चढवले की तो घटतो, हे ध्यानात ठेवून घ्या. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. इथेही तेच पाणी आणि तीच वीज. अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारे बटण बसवल्यावाचून पंप पाण्यात सोडू नका. होळीनंतर पंप काढून ठेवा. एका मातीच्या पसरट भांड्यात पाखरांपुरते पाणी ठेवले की कोरड्या दगडांवर बुलबुल, साळुंक्या येतात. शेजारच्या त्या बाई आता तिथे रोज तांब्याभर पाणी ओततात.

कडेला वाळा, कर्दळ, अळू लावा, ओलीच्या सावलीत नेचा. गुलाब-शेवंतीची ओळ नको, नाल्यात ती कुणी पाहिली आहे?

एवढे झाले, की सांधे पक्के करण्याची घाई करू नका. ओठ आणि बाजूचे दगड नुसते मांडून ठेवा आणि पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन समोर उभे राहा. पाणी कुठे पळते, कुठे मागे वळते ते दिसेल. एखादी चीप सरकवा, एखादा खडा ओठावर ठेवून धार दुभंगून पाहा, ती अधिक खरी दिसते. दोन-तीन सरी असे केल्यावर धार मनासारखी पडू लागली, की पावसाने चार दिवसांचा खंड दिलेला पाहून मग सिमेंट भरा.