डिजिटल रेडिओ: आवाज चोख, धंद्याचं काय?
आकाशवाणीने मध्यम लहरींवर डीआरएम या डिजिटल तंत्राचे ३० हून जास्त ट्रान्समीटर उभारले, त्याला आता बरीच वर्षं झाली. खरखर नाही, स्क्रीनवर मजकूरही येतो. पण ऐकायचं कशावर? अनेक नव्या गाड्यांत डीआरएम रिसीव्हर असतो, मालकाला मात्र पत्ताच नसतो! दुकानात सुटा सेट मागून बघा, समोर ब्लूटूथ स्पीकर येईल.

ऑक्टोबर २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने खासगी एफएमसाठी शिफारस केली: एकाच फ्रिक्वेन्सीवर एक जुनी ॲनालॉग नि तीन डिजिटल वाहिन्या. छान. पण जाहिरातदार तेच, पैसा तेवढाच, वाटेकरी चौपट. डिजिटलसाठी नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंदच करून टाकलं. आपल्याकडे ते धाडस कोण करणार? मोबाइलमध्ये डिजिटल रेडिओची चिप बसल्याशिवाय खासगी कंपन्या खिशात हात घालतील, असं मला तरी वाटत नाही.