देवकथांचा शोध आणि मल्हारीचा गड

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला देव्हाऱ्यात बसलेला खंडोबाचा घट आज चंपाषष्ठीला उठेल. सहा दिवस तेवत ठेवलेला नंदादीप, रोज चढविलेली फुलांची माळ आणि कुलाचाराप्रमाणे पाळलेला उपवास यांची सांगता वांग्याच्या भरिताच्या व बाजरीच्या रोडग्याच्या नैवेद्याने होईल. ताम्हनात विड्याची पाने, सुपारी, खोबरे आणि भंडारा ठेवून तळी उचलली जाईल आणि येळकोटाच्या गजराने घर दुमदुमेल. मणी आणि मल्ल या दैत्यांच्या जाचातून ऋषिजनांना सोडविणाऱ्या मार्तंडभैरवाच्या विजयाचा हा दिवस होय.

अशा पवित्र दिवशी एका वेगळ्याच विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. अमेरिकेत जन्मलेला एक कथाखेळ आता आपल्याकडील तरुणांच्या हातीही आला आहे. चार-पाच मित्र मेजाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो आणि एक काल्पनिक जग रचतो. त्यात राज्ये असतात, अरण्ये असतात, राक्षस असतात. इतर जण त्या जगातील एकेका पात्राची भूमिका घेतात आणि पात्राच्या कृतीस यश आले की अपयश, हे फासे टाकून ठरते. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे ही कथा चालू राहते. आता जग रचावयाचे म्हटले की देव आले, देवळे आली, पुजारी आणि नवससायासही आले. त्यामुळे प्रत्येक सूत्रधारास केव्हा तरी देवकथांच्या शोधाला निघावेच लागते. आपल्या घरातील एखाद्या मुलाने किंवा नातीने याच कारणासाठी, "आजी, आपल्या खंडोबाची माहिती कोठे मिळेल?" असे विचारले, तर तिला काय सांगावे? प्रश्न खेळातून उद्भवला म्हणून तो झिडकारण्याजोगा ठरत नाही. उलट, आपल्या दैवताविषयी आपल्याला स्वतःला किती ठाऊक आहे, याची परीक्षा पाहणारा हा प्रश्न आहे.

आकड्यांत बसविलेले देव

या खेळांपैकी सर्वांत प्रसिद्ध असलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचला आणि 1974 साली तो प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1976 मध्ये, रॉबर्ट कुंट्झ आणि जेम्स वॉर्ड यांनी सूत्रधारांच्या सोयीसाठी देवदेवतांचे एक छोटे पुस्तक सिद्ध केले. ग्रीक, इजिप्शियन आणि उत्तर युरोपीय देवांबरोबर भारतीय देवांनाही त्यात स्थान मिळाले. पुढे 1980 मध्ये 'डीइटीज अँड डेमीगॉड्स' हा याच लेखकांचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात विष्णू, लक्ष्मी, इंद्र, अग्नी, वरुण, यम आणि काली यांची वर्णने आहेत.

वर्णनाची रीत मात्र आपल्याला चमत्कारिक वाटेल अशी आहे. प्रत्येक देवाचे बळ किती, बुद्धी किती, कवच किती अभेद्य आणि किती घाव सोसल्यावर तो पडेल, याचे आकडे दिलेले असत. ग्रीकांच्या झ्यूसला 400 गुण दिलेले होते. या आकड्यांमागील हेतू कदाचित उलटाच होता. 1976 च्या पुस्तकाच्या प्रास्ताविकात संपादकांनी, आपल्या पात्रांना बेसुमार शक्ती देणाऱ्या खेळाडूंना त्यांची पायरी दाखवावी, असा उद्देश सांगितला होता. परंतु ज्याला आकडा आहे त्याला हरविताही येते, असाच अर्थ अनेक खेळाडूंनी घेतला आणि देव हे राक्षसांच्याच यादीतील अधिक बलाढ्य प्रतिस्पर्धी होऊन बसले.

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. 1980 च्या ग्रंथाच्या पहिल्या प्रतींत लव्हक्राफ्ट आणि मूरकॉक या कादंबरीकारांनी कल्पनेतून निर्माण केलेले देवही समाविष्ट होते. पुढील प्रतींतून ते वगळले गेले. कोट्यवधी लोक ज्यांच्यापुढे सांजवात लावतात ते देव आणि कथेपुरते जन्मलेले देव एकाच पुठ्ठ्यात, एकाच मापाने मोजले गेले. लेखकांच्या मनात द्वेष होता असे म्हणण्याचे कारण नाही. त्यांनी नाव, आयुध, वाहन आणि पराक्रम एवढे गोळा केले आणि तेवढ्यालाच देवाची माहिती मानले. शोध अपुरा राहिला तो येथे.

'अवतार' शब्दाचा प्रवास

याच परंपरेत एड ग्रीनवूड या कॅनडातील ग्रंथपालाने निर्मिलेले 'फरगॉटन रेल्म्स' हे जग 1987 मध्ये प्रसिद्ध झाले. 1989 मध्ये त्या जगावर आलेल्या कादंबऱ्यांच्या मालिकेस चक्क 'अवतार' हा आपला संस्कृत शब्द देण्यात आला. तिच्यातील कथा अशी, की दैवाच्या पाट्या चोरीस गेल्यामुळे सर्व देवांचा अधिपती कोपला आणि त्याने देवांना मर्त्य देहाने पृथ्वीवर ढकलून दिले.

आपल्याकडे अवतार म्हणजे स्वेच्छेने, भक्तांच्या रक्षणासाठी खाली उतरणे होय. शापामुळे पृथ्वीवर येणारे देव आपल्या पुराणांतही आहेत. वसिष्ठांच्या शापाने मनुष्यजन्म घेणारे अष्टवसू कोणास ठाऊक नाहीत? परंतु त्यांना कोणी अवतार म्हणत नाही. शब्द समुद्र ओलांडून गेला. त्याच्या पोटातील करुणा मात्र मागे राहिली. देवकथा शोधणाऱ्याने शब्दाबरोबर त्याचा भावही उचलावा, हे यावरून ध्यानी येईल.

ज्याला देवाचे मर्म उमगले

सर्वच रचनाकार आकड्यांवर थांबले नाहीत. ग्रेग स्टॅफर्ड (1948–2018) या अमेरिकन लेखकास लहानपणापासून पुराणकथांचे वेड होते. त्याने 'ग्लोरान्था' नावाचे जग रचले. त्या जगावर आधारलेला 'रूनक्वेस्ट' हा खेळ 1978 साली आणि त्यातील दैवतसंप्रदायांची माहिती देणारे 'कल्ट्स ऑफ प्रॅक्स' हे पुस्तक 1979 साली निघाले. स्टॅफर्डचे देव पूर्णतः काल्पनिक आहेत. परंतु त्यांच्याविषयी त्याने विचारलेले प्रश्न खऱ्या श्रद्धाळूचे आहेत. या देवाची कथा कोणती? लोक त्याला का भजतात? दीक्षा कशी मिळते? भक्ताने कोणते नियम पाळावयाचे? सणाचे दिवस कोणते? कोणत्या देवांशी त्याचे सख्य आणि कोणाशी वैर?

त्याच्या जगातील ऑर्लान्थ हा वादळाचा देव सूर्यसम्राटाला ठार मारतो आणि जगावर अंधार पसरतो. तेव्हा आपली चूक निस्तरण्यासाठी त्यालाच पाताळात उतरावे लागते. त्याचे भक्त विधीच्या वेळी देवाचीच वाट पुन्हा चालतात आणि देवाच्या कथेत स्वतः प्रवेश करतात. जागरणाच्या रात्री देवाच्या लग्नाला आणि लढाईला जणू प्रत्यक्ष हजर असलेल्या आपल्या भाविकांना यात नवे ते काय वाटणार!

मल्हारीचा शोध

आता आपल्या नातीच्या प्रश्नाकडे वळू. स्टॅफर्डचेच प्रश्न घेऊन ती खंडोबाच्या शोधाला निघाली, तर तिला चार वाटा सापडतील.

पहिली वाट पोथीची. संस्कृत मल्हारीमाहात्म्य हे स्वतःस ब्रह्मांडपुराणाच्या क्षेत्रखंडातील म्हणविते. मणिचूल पर्वतावरील ऋषींचा छळ, इंद्र व विष्णू यांच्याकडे त्यांनी केलेली याचना आणि अखेर सात कोटी सैन्यासह शिवाने घेतलेले मार्तंडभैरवाचे रूप, ही कथा तेथे मिळते. 'येळकोट' या गजरातील 'येळ' म्हणजे कानडीतील सात, असा अर्थ सांगितला जातो. युद्धाहूनही हृद्य आहे तो त्याचा शेवट. पराभूत मणी शरण आला, त्याने देवाच्या सान्निध्याचा वर मागितला आणि देवाने तो दिला. जेजुरीच्या गडावर आजही मणीची पूजा होते. मल्लाचे नाव तर 'मल्हारी' या देवनामातच कायमचे गुंफले गेले. वैऱ्यालाही आपल्या नावात जागा देणाऱ्या या देवाचे मोठेपण कोणत्या आकड्यात मांडावे?

दुसरी वाट क्षेत्राची. जेजुरीच्या पायऱ्या चढताना अर्ध्या वाटेवर बाणाईचे मंदिर लागते. म्हाळसा मात्र गडावर देवाच्या शेजारी आहे. वाण्याची लेक आणि धनगराची लेक यांच्यातील सवतीमत्सराची सारी कथा त्या पायऱ्यांनीच सांगितली आहे. सोमवती अमावास्येस देव पालखीतून कऱ्हेवर स्नानास जातो. पौषात सातारा जिल्ह्यातील पालीस त्याचे लग्न लागते. कर्नाटकात तो मैलार होतो, तेलंगणात मल्लण्णा होतो. देवाचा भूगोल हाही त्याच्या चरित्राचाच भाग आहे.

तिसरी वाट जागरणाची. पोथीत नाही असा देव वाघ्या-मुरळीच्या गाण्यांत भेटतो. तो म्हाळसेबरोबर सारीपाट खेळतो, हरतो आणि पणाप्रमाणे बारा वर्षे घर सोडतो. मग चंदनपुरीस जाऊन बाणाईच्या घरी चाकर बनून मेंढरे राखतो. फाशांवर चालणारा खेळ खेळणाऱ्या नातीस, आपला देवही फाशांत हरला होता आणि हरल्यावर त्याने शब्द पाळला, हे ऐकून निश्चित आनंद होईल. म्हाळसा-बाणाईबरोबर लोकगीतांत रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चंदाई याही देवाच्या राण्या म्हणून येतात. निरनिराळ्या जातींनी या देवाशी आपले सोयरपण कसे जोडले, हे त्यांतून कळते.

ही वाट पुसट होत चालली आहे, याची जाणीव अभ्यासकांना फार पूर्वी झाली. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी खंडोबावर स्वतंत्र ग्रंथ लिहून विखुरलेली साधने एकत्र आणली. गुंथर सोन्थायमर (1934–1992) हा जर्मन पंडित तर धनगरांच्या वाड्यांवर जाऊन राहिला, त्यांच्या ओव्या त्याने ध्वनिमुद्रित केल्या आणि पश्चिम भारतातील पशुपालकांच्या दैवतांवर ग्रंथ लिहिला. परदेशचा विद्वान रानात बसून आपल्या देवाच्या ओव्या टिपून घेतो आणि आपण घरात बसून आपला कुलाचार विसरतो, ही गोष्ट खेदाची नव्हे काय?

चौथी वाट घरातली

चौथी वाट सर्वांत जवळची आहे, ती कुलाचाराची. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे चंपाषष्ठीस का चालते? तळी किती वेळा उचलावयाची? देवाच्या नैवेद्याबरोबर कुत्र्याला घास का घालावयाचा? दिवटी-बुधली पेटवून कोणी धरावयाची? याची उत्तरे घरोघरी निराळी असतात आणि बहुधा ती कोठेही छापलेली नसतात. घरातील वडीलधाऱ्या बाईच्या बोलण्यात तेवढी ती जिवंत असतात आणि एका पिढीने विचारले नाही, की तिच्याबरोबर संपून जातात.

खेळासाठी जग रचणाऱ्या मुलांना एवढेच सांगावेसे वाटते. झ्यूसच्या मंदिरांतील होम शतकांपूर्वी थांबले. जेजुरीचा दिवा मात्र आज रात्रीही तेवत असेल. म्हणून ज्या दैवताची पूजा चालू आहे, त्यास प्रतिस्पर्धी म्हणून पटावर उभे करू नये. त्याच्या कथेचे मर्म जाणून घ्यावे आणि त्या बळावर आपला काल्पनिक देव निराळ्या नावाने रचावा. सणावाराशिवाय, क्षेत्राशिवाय, नियमांशिवाय आणि शरण आलेल्याला जवळ करण्याच्या सामर्थ्याशिवाय देव उभा राहत नाही, हे ज्याला कळले त्याचे जगही खरे वाटेल.

आणि घरातील थोरांना विनंती अशी, की आज तळी भरताना मुलांना नुसते ताम्हनास हात लावावयास सांगून थांबू नका. आपल्या कुळातील खंडोबाची हकीकत सांगा. ती आठवत नसेल तर गावाकडील नातलगांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. नातीने प्रश्न कोणत्याही निमित्ताने विचारलेला असो, उत्तर मात्र तिला घरातूनच मिळाले पाहिजे. भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या हातांनी लिहिलेले ते चार कागद पुढल्या पिढीला वाट दाखवितील.

सदानंदाचा येळकोट!