चार पेन्सिल सेलांचा संगणक

अमेरिकेतील टँडी कंपनीने १९८३ साली आपल्या ‘रेडिओ शॅक’ दुकानांतून ‘मॉडेल १००’ नावाचा जो संगणक विक्रीस काढला, तो आजच्या माणसाला लॅपटॉप म्हणून ओळखू येणे कठीण. कारण उघडावयाचे झाकण त्याला नाही, अंगाने तो जमाखर्चाच्या जाड वहीएवढा, आणि पडदा म्हणावा तर चाळीस अक्षरांच्या आठ ओळी मावतील इतकाच. घडविला तो जपानच्या क्योसेरा कंपनीने. त्याच घाटाची भावंडे एनईसी व ऑलिव्हेट्टी यांनी आपापल्या नावांनी बाजारात आणली. त्यातील आज्ञावलीचा बराच मोठा भाग खुद्द बिल गेट्स यांनी जपानी सहकाऱ्यासमवेत लिहिला, आणि आपण स्वहस्ते एवढे लिहिलेले हे शेवटचेच यंत्र, असे पुढे एका मुलाखतीत सांगितले.

ऐवज तुटपुंजा: २.४ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, आणि आठ किलोबाईटांपासून बत्तिसांपर्यंत वाढविता येणारी स्मृती. तरीही वार्ताहरांनी ते डोक्यावर घेतले. कारण बटण सरकवताच ते तत्काळ सिद्ध होई, चार पेन्सिल सेलांवर सुमारे वीस तास चाले, आणि लिहून झालेला मजकूर आपल्याच पोटातील मोडेमद्वारे टेलिफोनच्या तारेवरून, सेकंदाला तीस अक्षरांच्या संथ गतीने का होईना, कचेरीत रुजू करी.

असे यंत्र हाती येताच ते काचेच्या कपाटात मांडून ठेवणाऱ्यांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. बाहेरून निष्कलंक दिसणाऱ्या त्या पेटीत, सेल बदलताना मजकूर शाबूत राहावा म्हणून सर्किट बोर्डावर डाख देऊन बसविलेली निकेल-कॅडमियमची एक चिमुकली बॅटरी असते. वयोमानाने ती पाझरू लागते आणि तिच्यातील क्षार तांब्याच्या बारीक रेषा कुरतडीत जातो. तेव्हा मालकाचे आद्य कर्तव्य असे, की तळाचे चार स्क्रू काढून, दोन अर्धुकांना जोडणाऱ्या तारांच्या पट्टीस हिसका न देता ती विलग करावीत, बॅटरी उतरवावी, हिरवट बुरशीसारखा थर व्हिनेगरच्या बोळ्याने मारावा आणि मग ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन काढावी. पाठोपाठ पाळी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांची. पडदा फिका पडला, बाजूची चकती फिरवूनही अक्षरे उमटेनात, की पुष्कळदा दोष त्यांच्याकडेच निघतो. आणि पाझरलेल्या कपॅसिटराला सोल्डरिंगची धग लागताच कुजक्या मासळीचा जो दर्प सुटतो, तो कोणत्याही मीटरइतकाच खात्रीलायक पुरावा होय. या यंत्राचे विकार मोजके आहेत, आणि साध्या हत्यारांनी हाताळता येण्याजोगे आहेत. म्हणूनच मला ते अलीकडच्या, डिंकाने चिकटवून बंद केलेल्या लॅपटॉपांपेक्षा अधिक सभ्य वाटते.

दुरुस्त झाले तरी काही खोडी राहतातच. वर्षाआधीचे ‘१९’ हे अंक कायमस्वरूपी कोरलेले असल्याने त्याच्या दप्तरी विसावे शतक अद्याप संपलेले नाही, आणि आजचा वार कोणता हेही आपणच त्याला सांगावे लागते. देवनागरीची तजवीज मुळातच नाही. सहा गुणिले आठ ठिपक्यांच्या चौकटीत वेलांट्या आणि रफार बसवू पाहणाऱ्याने आपल्या डोळ्यांचाही विचार करावा. इंग्रजी मजकुरास मात्र तो पूर्ण आकाराचा कळफलक आजही सुखाचा आहे. लिहिलेले आधुनिक संगणकात न्यावयाचे तर पाठीमागच्या पंचवीस पिनांच्या सीरियल जोडणीस नल-मोडेम केबल आणि यूएसबी अडॅप्टर लावावा, दोन्हीकडील गती समान ठेवावी, आणि यंत्रातील ‘टेलकॉम’ या दळणवळणाच्या आज्ञावलीतून फाईल धाडावी; अक्षरे गळू लागली तर गती उतरवावी. आणि दीर्घकाळ ठेवून द्यावयाचे असेल, तर सेल काढून तळाचा स्मृतीचा स्विचही बंद करावा.