दोन सेट पुढे असूनही पोरं का हरली? जोकोविच, आणि तुमच्या समोरचं जुनं दुकान



मागच्या काही व्हिडिओंनंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, माझ्या दुकानासमोर 25 वर्षं जुनं दुकान आहे. माझा माल चांगला, रेट कमी, फर्निचर नवं. तरी गिऱ्हाईक तिकडेच का जातं?"

आज याचं उत्तर टेनिसमधून शोधू. टेनिस बघत नसाल तरी चालेल. एवढंच लक्षात ठेवा: नोव्हाक जोकोविच, जन्म 1987, सर्बियाचा खेळाडू, नावावर 24 ग्रँड स्लॅम. 2023 मध्ये वय 36, आणि त्या वर्षीच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी तीन त्यानेच जिंकल्या. समोर विशी-पंचविशीतली पोरं होती. ताकद जास्त, वेग जास्त. मग अडत कुठे होतं?

पहिले दोन सेट म्हणजे तुमची ओपनिंग ऑफर

2021 ची फ्रेंच ओपन घ्या. चौथ्या फेरीत 19 वर्षांच्या मुसेट्टीने जोकोविचविरुद्ध पहिले दोन सेट जिंकले. पुढचे दोन सेट 6-1, 6-0 असे गेले आणि पाचव्यात मुसेट्टीला सामना सोडावा लागला. त्याच स्पर्धेच्या फायनलला 22 वर्षांचा त्सित्सिपास दोन सेट पुढे होता, तोही हरला. पुढच्या वर्षी विम्बल्डनला 20 वर्षांचा सिनर दोन सेट पुढे होता, तोही हरला.

पुरुषांच्या ग्रँड स्लॅममध्ये पाचपैकी तीन सेट जिंकावे लागतात. बाकी बहुतेक स्पर्धांत तीनपैकी दोन पुरतात. म्हणजे ही पोरं दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत असती तर हात मिळवून घरी गेली असती! पण इथे खेळ लांबचा होता आणि म्हाताऱ्याला ते माहीत होतं.

आता आपल्याकडे या. उद्घाटनाला गर्दी, 20 टक्के डिस्काउंट, पहिल्या दोन महिन्यांत जोरात गल्ला. हे तुमचे पहिले दोन सेट. समोरचा शेठ गल्ल्यावर शांत बसलेला असतो. तो घाबरत का नाही, तर त्याने अशी चार दुकानं उघडताना आणि बंद होताना बघितलेली असतात. तुमचं डिस्काउंट संपणार, पावसाळ्यात धंदा बसणार, भाडं मात्र 1 तारखेला द्यावंच लागणार, हे त्याला पाठ आहे. म्हणून मी प्रत्येक बॅचला सांगतो की सगळं भांडवल फर्निचर आणि मालात घालू नका. निदान सहा महिन्यांचं भाडं, लाईटबिल आणि पगार बाजूला ठेवा आणि मगच शटर उघडा.

मैदान सपाट नसतं

मोठ्या स्पर्धेत 128 खेळाडू असतात आणि त्यातल्या 32 जणांना मानांकन मिळतं. हे 32 जण पहिल्या दोन फेऱ्यांत एकमेकांसमोर येत नाहीत. नवख्याला मात्र पहिल्याच दिवशी चॅम्पियन भेटू शकतो. जिंकणाऱ्याला गुण मिळतात, गुणांमुळे मानांकन टिकतं, मानांकनामुळे पुढचा रस्ता सोपा होतो.

जुन्या दुकानाचंही असंच आहे. जागा बहुतेक स्वतःची. होलसेलवाला त्याला महिन्याच्या उधारीवर माल देतो, तुमच्याकडे रोख मागतो. नवा माल आधी त्याच्याकडे उतरतो. मग तुम्ही रेट कमी करून त्याच्याशी लढायला गेलात तर त्याचं मार्जिन कमी होईल, तुमचं मात्र संपेल. रडण्यात अर्थ नाही, हे गणित आधी मांडायचं. होलसेलवाल्याला सहा महिने ठरल्या दिवशी पैसे द्या, मग उधारीची मुदत मागा. तेच तुमचं मानांकन.

सगळे पॉइंट सारखे नसतात

2019 ची विम्बल्डन फायनल. फेडररने एकूण 218 गुण जिंकले, जोकोविचने 204. कप जोकोविचकडे गेला! कारण तीन टायब्रेक झाले आणि तिन्ही त्याने घेतले. फेडररच्या हातात दोन मॅच पॉइंट होते, तेही त्याने वाचवले.

फेडररनेच 2024 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या भाषणात स्वतःचा हिशोब सांगितला होता. 1526 सामन्यांपैकी जवळपास 80 टक्के जिंकले, पण गुण जिंकले फक्त 54 टक्के. म्हणजे मोठ्यातल्या मोठ्या खेळाडूचाही फरक इतकाच असतो. तो फरक कुठे वापरायचा हे अनुभवाने कळतं.

तुमच्या धंद्यातले टायब्रेक कोणते? शाळा सुरू होण्याआधीचा आठवडा, गणपती, दिवाळी, आणि दर महिन्याला पगार झाल्यानंतरचे आठ-दहा दिवस. माझं स्टेशनरीचं दुकान आहे. जूनमध्ये एखाद्या वहीचा साईज संपला की गिऱ्हाईक नुसती ती वही दुसरीकडून घेत नाही, अख्खी यादी तिकडे नेतं. वर्षभर सगळं थोडं थोडं चांगलं करण्यापेक्षा या दिवसांत एकही माल कमी पडू देऊ नका.

चॅम्पियन बसून राहिलेला नाही

आपल्याला वाटतं जुना माणूस म्हणजे जुनी पद्धत. जोकोविचने 2008 ला पहिलं ग्रँड स्लॅम जिंकलं आणि दुसरं मिळायला 2011 उजाडलं. तेव्हा तोच "नवा पोरगा" होता, पुढे फेडरर आणि नदाल. मधल्या काळात त्याने आहारातून गहू काढला आणि सर्व्हिसवर काम केलं. 2019 मध्ये इव्हानिसेविचसारखा सर्व्हिसचा बादशहा कोच म्हणून घेतला. समोरच्या शेठकडे क्यूआर कोड आणि होम डिलिव्हरी आली असेल तर समजा, तोही शिकतोय.

वाट बघणाऱ्यांचं काय झालं?

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. तुम्ही म्हणाल, वय तर होणारच, शेठ थकेल, मग आपलाच नंबर. बघा काय झालं ते. 1990 ते 1999 मध्ये जन्मलेल्या पुरुषांपैकी 2025 संपेपर्यंत फक्त दोघांनी ग्रँड स्लॅम जिंकलं: थीम आणि मेदवेदेव, प्रत्येकी एक. झ्वेरेव्ह तीन फायनल हरला, त्सित्सिपास दोन. आणि जोकोविचचा जोर कमी झाला तेव्हा 2024 आणि 2025 ची आठही ग्रँड स्लॅम कोणी नेली? 2001 मध्ये जन्मलेला सिनर आणि 2003 मध्ये जन्मलेला अल्काराझ. रांगेत उभे असलेले उभेच राहिले, मागून आलेले पुढे गेले.

या दोघांनीही आधी मार खाल्ला होता. जून 2023 मध्ये फ्रेंच ओपनच्या सेमीफायनलला अल्काराझच्या अंगात गोळे आले. टेन्शनमुळे झालं असं त्यानेच सांगितलं. पाच आठवड्यांनी विम्बल्डनच्या फायनलला पहिला सेट 6-1 ने गेला, तरी पाच सेटमध्ये जिंकला. सिनर 2022 आणि 2023, दोन्ही वर्षं विम्बल्डनला जोकोविचकडून हरला. नोव्हेंबर 2023 मध्ये दोघं तीनदा भिडले. पहिला सामना सिनरचा, दुसरा जोकोविचचा, तिसऱ्यात सिनरने सलग तीन मॅच पॉइंट वाचवून बाजी मारली. जानेवारीत ऑस्ट्रेलियात त्याने जोकोविचला असं हरवलं की पूर्ण सामन्यात एक ब्रेक पॉइंटही दिला नाही.

प्रत्येक पराभवानंतर ते काहीतरी बदलून परत आले. तेही लवकर, चॅम्पियन अजून जोरात असताना.

या आठवड्याचं काम

एक वही घ्या. आठवडाभर रोज रात्री गल्ला मोजल्यावर दोनच गोष्टी लिहा: आज कोणतं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं, आणि का गेलं. "रेट जास्त" एवढंच लिहून थांबू नका. माल नव्हता? सुट्टे नव्हते? उधारी हवी होती? पोरगा मोबाईलमध्ये होता? रविवारी त्यातलं एकच कारण निवडा आणि पुढच्या आठवड्यात तेवढंच दुरुस्त करा.

शेठ कधी थकेल हे तुमच्या हातात नाही. ही वही आहे. भेटू पुढच्या व्हिडिओत!